जाणिवेचा क्षण आणि दुसरा दिवस

‘कळणे’ या एका क्रियेसाठी आपल्या भाषेने किती शब्द जमवून ठेवले आहेत, हे पाहिले म्हणजे कौतुक वाटते. समजणे, उमजणे, उमगणे, प्रतीती येणे, उपरती होणे, साक्षात्कार होणे, डोळे उघडणे, डोक्यात लख्ख प्रकाश पडणे, हे सारे प्रकार वरवर एकाच अर्थाचे. परंतु कोणीही जाणता मनुष्य ते एकमेकांच्या जागी वापरणार नाही. पाढे समजतात, त्यांचा साक्षात्कार होत नाही. व्यसनी मनुष्यास उपरती होते, पण ती त्यास अमक्या पंतोजींनी शिकविली असे कोणी म्हणत नाही. हा सगळा शब्दसंभार जमविल्यावर आपल्या लोकांनी शेवटी एक छोटीशी म्हण पहारेकऱ्यासारखी त्याच्या दाराशी बसविली आहे: कळते, पण वळत नाही. प्रस्तुत निबंधात आम्हांस जे म्हणावयाचे आहे, त्याचे बीज या चार शब्दांत आहे.

मनुष्याच्या आयुष्यात कधी कधी असा एक क्षण येतो, की वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर असलेली गोष्ट त्याला एकाएकी दिसू लागते. जग तेच असते, माणसे तीच असतात, घराचा उंबराही तोच असतो. पण पाहणारा पहिला राहत नाही. कवींनी व नाटककारांनी या क्षणावर फार प्रेम केले आहे, आणि धर्मसंस्थापकांच्या चरित्रांत तर तो बहुधा असतोच. परंतु या क्षणाच्या झगमगाटात एक साधा प्रश्न विचारावयाचा राहून जातो. ज्याचे डोळे असे उघडले, तो तेवढ्यानेच पूर्वीपेक्षा चांगला मनुष्य झाला काय? त्या क्षणाची नैतिक किंमत ठरवावयाची ती कशावरून? प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाही, यास्तव आमच्या वाचकांनी त्याच्याकडे आमच्याबरोबर थोडे निवांतपणे पाहावे, अशी विनंती आहे.

प्रथम या क्षणाचे स्वरूप पाहू. ॲरिस्टॉटलने आपल्या काव्यशास्त्रात शोकनाट्याची अंगे सांगताना अज्ञानातून ज्ञानाकडे होणाऱ्या या पालटास मोठे मानाचे स्थान दिले आहे. आणि हा पालट व दैवाचा फेरा ही दोन्ही एकाच वेळी घडून आली म्हणजे तो सर्वांत उत्तम, असे सांगून सोफोक्लीझच्या ‘ईडिपस’ नाटकाचा दाखला दिला आहे. कॉरिंथहून आलेला दूत राजाची भीती घालविण्यासाठी म्हणून जे बोलतो, त्यानेच राजाच्या जन्माचे भयंकर रहस्य उघडे पडते. आता येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. नाटकाच्या आरंभीच अंध द्रष्टा टायरेसिअस याने राजाला तोंडावर सांगितले होते, की ज्या खुन्याला तू शोधीत आहेस तो तूच. म्हणजे माहिती म्हणून पाहिली तर ईडिपसला ती कधीच मिळाली होती. वाक्य कानांवर पडले होते, त्याचा अर्थही कळला होता. पण ते वाक्य आपल्याविषयी आहे, हे तेवढे मनाने स्वीकारले नव्हते. ज्याला डोळे नव्हते त्याला दिसत होते, आणि डोळस राजाला दिसत नव्हते.

आपल्याकडील वेदान्ती हीच गोष्ट एका हसऱ्या दृष्टान्ताने समजावून देतात. दहा जण नदी उतरून पलीकडे गेले. सगळे सुखरूप आले की नाही, हे पाहण्यासाठी एकाने मोजणी केली, तो नऊच भरले. दुसऱ्याने मोजले, तरी नऊच. तेव्हा आपला एक सोबती बुडाला म्हणून सगळे गळा काढून रडू लागले. इतक्यात एक वाटसरू आला. त्याने मोजणाऱ्याचेच बोट धरून त्याच्या छातीकडे वळविले आणि दहावा तूच आहेस, असे सांगितले. वाटसरूने नवा माणूस आणला नाही. मोजणाराच मोजणीत धरावयाचा राहिला होता, तो त्याने धरून दिला. जाणिवेच्या क्षणी जे घडते ते बहुधा एवढेच. सामान्य नियम आपल्याला आधीपासून ठाऊक असतो. त्या नियमात आपण स्वतःला धरलेले नसते.

यक्षप्रश्नातील प्रसिद्ध प्रश्न वाचकांस आठवत असेल. जगातील सर्वांत मोठे आश्चर्य कोणते, असे यक्ष विचारतो; आणि रोज प्राणी मरत असलेले पाहूनही उरलेले स्वतःस चिरंजीव समजतात, हेच ते आश्चर्य, असे धर्मराज उत्तर देतो. कित्येक शतकांनंतर, १८८६ साली, टॉलस्टॉयने ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ ही दीर्घकथा प्रसिद्ध केली, तिच्यातही हेच आश्चर्य भरलेले आहे. इव्हान इलिच हा न्यायाधीश. घर सजविताना पडदा कसा लावावा हे दाखविण्यास तो शिडीवर चढतो, पाय घसरून कुशीला लहानसा मार बसतो, आणि त्या क्षुल्लक दुखण्यातून मरण हळूहळू त्याच्या खोलीत येऊन बसते. सर्व मनुष्ये मर्त्य आहेत, कायस हा मनुष्य आहे, म्हणून कायस मर्त्य आहे, हे तर्कशास्त्राचे उदाहरण त्याने लहानपणी घोकले होते. ते कायसच्या बाबतीत त्याला अगदी पटत होते. अडचण एवढीच होती, की तो स्वतः कायस नव्हता! न्यायासनावर बसून दुसऱ्यांच्या आयुष्याचा निकाल ज्या थंडपणाने त्याने दिला, त्याच थंडपणाने त्याचे वैद्य आता त्याच्याशी बोलतात, तेव्हा कोठे दहाव्याची मोजणी सुरू होते.

आता दुसरा मुद्दा. हा क्षण खरोखरच आकस्मिक असतो काय? कालिदासाच्या नाटकाच्या नावातच ओळख पटण्याची ती खूण आहे. कोळ्याला माशाच्या पोटात सापडलेली अंगठी राजापुढे येते, आणि विसरलेली शकुंतला दुष्यंतास एकदम आठवते. वरवर पाहता याहून अधिक आकस्मिक ते काय असावयाचे? परंतु त्याच्या आधीचा अंक पुन्हा वाचून पाहावा. शकुंतला दरबारात येण्यापूर्वीच अंतःपुरातून हंसपदिकेचे गाणे ऐकू येते, आणि कोणाही प्रियजनाचा वियोग नसताना राजाचे मन उगीचच व्याकूळ होते. ही हुरहूर कशाची, ते त्याला सांगता येत नाही. पूर्वजन्मीच्या एखाद्या स्नेहाची ती आठवण असावी, अशी तो आपली समजूत घालतो. शापाने स्मृती झाकली होती, पुसली नव्हती. अंगठीने जे पेटले, त्याचा निखारा राखेखाली आधीच होता.

शास्त्रज्ञांचा अनुभवही याला पुष्टीच देतो. फ्रेंच गणिती आंरी प्वँकारे याने १९०८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे, की एका सहलीत प्रवासी गाडीच्या पायरीवर पाय ठेवताक्षणी, त्या वेळी गणिताचा विचारही मनात नसताना, त्याला एका अवघड कोड्याचा उलगडा झाला. परंतु त्यापूर्वी पंधरा दिवस तो त्या विषयाशी रोज झुंजत होता, आणि घरी परतल्यावर त्याने ती कल्पना सावकाश पडताळून पाहिली, हेही त्याने तितक्याच प्रामाणिकपणे सांगितले आहे. आधीचा अभ्यास आणि मागाहूनचा पडताळा ही दोन्ही गाळून मधली पायरी तेवढी सांगितली, म्हणजे चमत्कार होतो. लोकांस चमत्कार आवडतात, म्हणून पायरीच प्रसिद्ध झाली.

येथवर आपण अज्ञानाविषयी बोललो ते ते दैवाने किंवा शापाने आलेले आहे, असे धरून. पण नीतिविचाराचा खरा गुंता याच्या पुढे आहे. महाभारतातील मूळ शकुंतलोपाख्यानात ना शाप आहे, ना अंगठी. तेथे शकुंतला मुलाला घेऊन राजसभेत उभी राहते, आणि राजाला सर्व काही आठवत असूनही तो आठवत नाही असे म्हणतो. पुढे आकाशवाणी होते, तेव्हा तो तिचा स्वीकार करतो व लोकांच्या मनात संशय राहू नये म्हणून आपण तसे केले, असे कारण सांगतो. कालिदासाने आपल्या नायकासाठी शापाची योजना करून त्याला या लज्जेतून सोडविले. नाटकाला ते शोभले, यात शंका नाही. पण आपणां सामान्य माणसांसाठी दुर्वास काही वारंवार धावून येत नाही. आपले बहुतेक ‘न कळणे’ हे महाभारतातल्या दुष्यंताच्या जातीचे असते. कळले असे म्हटले तर काही द्यावे लागेल, एखादी सोय सोडावी लागेल, चार लोकांत मान खाली घालावी लागेल. म्हणून मन कळण्याच्या अलीकडे एक पाऊल थबकून उभे राहते. मग एके दिवशी ते पाऊल पडते, आणि आपण म्हणतो, काय आश्चर्य, आज एकाएकी डोळे उघडले! वस्तुतः त्या दिवशी मिटून धरण्याचा प्रयत्न तेवढा थकलेला असतो.

कोणी म्हणेल, कसेही असो, प्रकाश तो प्रकाश. त्याच्या येण्याच्या वाटेचा एवढा विचार कशाला? यावर आमचे उत्तर असे, की प्रकाश पडला असे वाटणे आणि खरोखर प्रकाश पडणे यांतही अंतर आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स याने गुंगी आणणारा नायट्रस ऑक्साइड वायू हुंगून स्वतःवर प्रयोग केले होते. गुंगीत असताना विश्वाचे अंतिम सत्य आपल्याला गवसले, अशी त्याची बालंबाल खात्री होई. त्या भरात लिहून ठेवलेली वाक्ये शुद्धीवर आल्यावर वाचली, तर ती अर्थहीन बडबड ठरे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मानसशास्त्रीय प्रयोगात तर असे आढळले, की विधानातील एक शब्द अक्षरे उलटसुलट करून कोड्यासारखा घातला आणि वाचणाऱ्यास तो सोडविल्याचा आनंद झाला, तर ते विधानच त्याला अधिक खरे वाटू लागते. उलगड्याचा आनंद आणि विधानाचे सत्य यांची अशी गल्लत मनात सहज होते. दुराग्रही माणसालाही आपला दुराग्रह एखाद्या शुभ मुहूर्तावर लखलखीतपणे सुचलेला असतो! म्हणूनच त्याच जेम्सने १९०२ साली प्रसिद्ध झालेल्या धर्मानुभवावरील व्याख्यानांत अशा अनुभवांची पारख मुळांवरून न करता फळांवरून करावी, असा निर्वाळा दिला. आम्हांस तो मान्य आहे. क्षणाची साक्ष क्षणाला देता येत नाही; ती दुसऱ्या दिवसाने द्यावयाची असते.

आपल्या महाराष्ट्रातील आयाबायांनी ही गोष्ट वाल्या कोळ्याच्या कथेत फार सुरेख सांभाळून ठेवली आहे. वाटसरूंना मारून लुटणारा वाल्या, प्रत्येक हत्येमागे एक खडा रांजणात टाकी, आणि असे सात रांजण भरले. नारदाने विचारले, हे पाप तू ज्यांच्यासाठी करतोस, ते त्यात वाटेकरी होतील काय? वाल्या घरी जाऊन विचारतो. बायकोमुले साफ नाही म्हणतात. त्याच्या जाणिवेचा क्षण तो एवढाच. सांगणाऱ्या आजीला तो सांगावयास दोन वाक्येही पुरतात. पण कथा तेथे संपत नाही. वाल्या बसतो, वर्षांमागून वर्षे जातात, आणि त्याच्या अंगावर मुंग्या वारूळ रचतात. वाल्मीकी हे नाव त्याला त्या वारुळावरून मिळाले, घरच्यांच्या त्या नकारावरून मिळाले नाही, ही गोष्ट लोककथेने आवर्जून लक्षात ठेवली आहे.

कथेतून इतिहासात आलो, म्हणजे हिशेब इतका स्वच्छ राहत नाही. सम्राट अशोकाने राज्याभिषेकानंतर आठ वर्षांनी, म्हणजे इ. स. पूर्व २६१ च्या सुमारास, कलिंग देश जिंकला. आपल्या तेराव्या शिलालेखात तो सांगतो, की १,५०,००० माणसे देशोधडीस लागली, १,००,००० मारली गेली, आणि याच्या कित्येक पट इतर कारणांनी मेली. आणि या सर्वांचा आपल्याला पश्चात्ताप झाला. जेत्याने आपल्या विजयाविषयी शोक करून तो दगडावर कोरून ठेवावा, ही गोष्ट जगाच्या इतिहासात विरळा आहे. त्या पश्चात्तापाला दुसरा दिवसही होता: माणसांच्या व जनावरांच्या औषधोपचाराची सोय, रस्त्यांच्या कडेला झाडे व विहिरी, अभिषेकाच्या तेराव्या वर्षानंतर नेमलेले धर्ममहामात्र, या सर्वांची नोंद त्याच्या लेखांत आहे. तथापि त्याच तेराव्या लेखात अरण्यात राहणाऱ्या लोकांना तो बजावतो, की पश्चात्ताप झाला असला तरी शासन करण्याचे सामर्थ्य आमच्या अंगी आहे. कलिंग परत दिल्याचा उल्लेख त्याच्या कोणत्याही लेखात नाही. आणि सर्वांत विचार करावयास लावणारी गोष्ट ही, की खुद्द कलिंगातील धौली व जौगड येथील खडकांवर हा तेरावा लेख नाहीच. त्या जागी तेथील अधिकाऱ्यांना दिलेल्या निराळ्या आज्ञा आहेत. ज्यांच्यावर अन्याय झाला, त्यांच्या दारात तेवढा तो शोक कोरलेला नाही. यावरून अशोकाची उपरती खोटी होती, असा निष्कर्ष आम्ही मुळीच काढीत नाही. खऱ्या उपरतीलाही आपल्या सोयीच्या सीमा असतात, आणि त्या सीमा कोठे पडतात हे पाहिले म्हणजे ती किती खोल गेली होती ते कळते, एवढेच आमचे म्हणणे आहे.

याच्या जोडीला अलीकडच्या काळातील एक प्रसंग ठेवू. १८४८ साली पुण्यात एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत चालत असता, एकवीस वर्षांच्या जोतीराव फुल्यांचा जातीवरून अपमान झाला. चरित्रकार सांगतात, की घरी आल्यावर त्यांनी ही हकीकत वडिलांस सांगितली, तेव्हा गोविंदरावांनी मुलाची समजूत घातली: पेशवाईत याहून कठोर शासन झाले असते, एवढ्यावर निभावले हेच पुष्कळ. गोविंदरावांस ती वस्तुस्थिती मुलापेक्षा अधिक चांगली ठाऊक होती. सबंध आयुष्य त्यांनी ती भोगली होती, आणि मुलाच्या जिवाची काळजी त्यांच्या बोलण्यात होती. त्यांस दोष देणे आम्हांस पाप वाटेल. पण जे बापास कळून चुकले होते, ते मुलास असह्य झाले, आणि इतिहास वळला तो त्या असह्य होण्यापाशी. जोतीरावांच्याही मनाची भूमी आधी नांगरलेली होती. मनुष्याच्या हक्कांवरील टॉमस पेनचा ग्रंथ त्यांनी त्यापूर्वीच वाचला होता. आणि दुसरा दिवस? त्याच १८४८ साली भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा, १८६८ साली अस्पृश्यांस घरचा हौद खुला, १८७३ साली सत्यशोधक समाज. आणि हे काम १८९० साली देह ठेवीपर्यंत चालले. वरात संपावयास जेमतेम घटकाभर लागला असेल. तिचा अर्थ फेडावयास बेचाळीस वर्षे लागली.

आता आपल्याकडे, म्हणजे वाचकवर्गाकडे वळणे प्राप्त आहे. हरिभाऊ आपट्यांनी १८९० सालापासून आपल्या ‘करमणूक’ पत्रात एक कादंबरी क्रमशः प्रसिद्ध केली आणि तिला ‘पण लक्षात कोण घेतो?’ असे नाव दिले. यमूची ही आत्मकथा ज्या घरांत वाचली गेली, त्यांपैकी अनेक घरांत केशवपन झालेली एखादी आत्या, काकू किंवा बहीण माजघराच्या कोपऱ्यात बसलेली असणारच. तिचे दुःख ही काही बातमी नव्हती. तीच रोज पहाटे उठून घरातल्या सर्वांच्या आधी कामाला लागत होती. कादंबरीने नवी माहिती काहीच दिली नाही; मोजणीत न धरलेली एक व्यक्ती तिने धरून दिली, आणि मग शीर्षकातच विचारले, की पाहता सगळेच, पण लक्षात कोण घेतो? काही वाचकांनी अश्रू पुसले आणि अंक घडी करून ठेवला. काही थोड्या घरांत मुलींना शाळेत घालण्याचा किंवा विधवेच्या मस्तकाला वस्तरा लागू न देण्याचा हट्ट धरला गेला. पुस्तक एकच, क्षणही कदाचित सारखाच उत्कट. दुसरा दिवस मात्र घराघरांतून निराळा उगवला.

सुशिक्षितांना या बाबतीत एक विशेष धोका आहे, तो स्पष्ट बोलणे बरे. आपण इतके वाचतो, इतकी नाटके पाहतो, की जाणिवेचा क्षण उसना घेण्याची सवयच आपल्याला जडते. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याल्या’तील सुधाकर आपली चूक न कळल्याने बुडत नाही. त्याला कळते, दारू सोडण्याचा तो निश्चय करतो, आणि पुन्हा तिच्याकडेच वळतो. आपण प्रेक्षागृहात त्याच्यासाठी रडतो, आणि रडून बाहेर पडताना मन हलके होते. हा हलकेपणाच फसवा आहे. खऱ्या जाणिवेने मन जड व्हावयास पाहिजे. कारण तिच्या आधी आपल्याजवळ ‘मला ठाऊक नव्हते’ एवढी तरी सबब होती, आणि तिच्यानंतर तीही उरत नाही. जाणीव ही मिळकत समजून तिजोरीत ठेवणारा मनुष्य आणि जाणीव हे कर्ज समजून फेडावयास लागणारा मनुष्य, या दोघांत ओळखीचे अंतर आहे.

शेवटी एक शंका उरते, आणि ती लहान नाही. ज्यांना दुसरा दिवसच उरला नाही, त्यांचे काय? इव्हान इलिचला प्रकाश दिसला तो अखेरच्या घटकेस. त्याच्या जाणिवेला व्यर्थ म्हणावे काय? आम्हांस तसे म्हणवत नाही. टॉलस्टॉयने त्या अखेरच्या घटकेतही एक बारीकशी जागा ठेवली आहे: मरणाऱ्याचा हात मुलाच्या डोक्यावर पडतो, मुलगा तो ओठांशी धरून रडू लागतो, आणि इव्हान इलिचला आयुष्यात प्रथमच स्वतःपेक्षा त्या मुलाची व बायकोची कीव येते. आपल्या मरण्याने त्यांची सुटका करावी, एवढेच कर्तव्य त्याच्यापाशी उरले होते, आणि तेवढे त्याने केले. काळ किती उरला, हे कोणाच्या हाती नाही; उरलेल्या काळाचे तोंड कोणीकडे वळविले, हे मात्र त्या क्षणापुरते तरी आपल्या हाती असते. एका घटकेचा असला तरी तो दुसरा दिवसच होय.

म्हणून कोणाला साक्षात्कार झाला, असे ऐकले म्हणजे घाईने हार घेऊन धावू नये, आणि उपहासही करू नये. थोडे थांबावे. त्या मनुष्याच्या घरात, ज्याच्यावर त्याचा अन्याय चालला होता, त्या माणसाची सकाळ बदलली की नाही, एवढे पाहावे. आणि हीच फूटपट्टी परक्याला लावण्याआधी आपल्या दारातून आत न्यावी. घरात कामाला येणाऱ्या बाईला आपण कोणत्या भांड्यातून चहा देतो, वृद्ध आईचे तेच ते बोलणे ऐकताना आपली दृष्टी कोठे असते, बहिणीच्या वाट्याचा विषय निघाला की आपण कसे गप्प होतो, हे आपल्याला ठाऊक नाही असे नाही. कळलेले पुष्कळ आहे. मोजणी पुन्हा एकदा करावी, आणि या वेळी मोजणाऱ्याला सोडू नये.